हफमनचें कुरण : एका आद्य उड्डाणभूमीची कागदोपत्रीं हकीकत

विमानविद्येचा आरंभ कोठें झाला असें कोणासहि विचारल्यास ‘किटी हॉक’ हें उत्तर ठरलेलें आहे. ता. १७ डिसेंबर १९०३ रोजीं अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना संस्थानांत, समुद्रकांठच्या वाळवंटांत, विल्बर व ओर्व्हिल राइट या बंधूंनीं चार उड्डाणें केलीं आणि त्यांतील शेवटचें ८५२ फुटांचें व ५९ सेकंदांचें होतें, ही गोष्ट शाळकरी मुलांसहि ठाऊक आहे. हें उत्तर चुकीचें नाहीं, पण अपुरें आहे. त्या ५९ सेकंदांत यंत्र समोरून येणाऱ्या जोरदार वाऱ्यावर सरळ गेलें आणि वाळूवर आपटून थांबलें. वळण्याचा प्रश्न त्या दिवशीं उद्भवलाच नाहीं. निघाल्या जागीं परत येण्याची गोष्ट तर दूरच. मनुष्य हवेंत वळावयास, घिरट्या घालावयास आणि इंधन संपेपर्यंत वर राहावयास ज्या जागीं शिकला, ती जागा म्हणजे ओहायओ संस्थानांतील डेटन शहराच्या पूर्वेस सुमारें आठ मैलांवर असलेलें एका पेढीवाल्याचें गाईंचें कुरण होय. या कुरणाचा वृत्तान्त आपल्या वाचकांपुढें मांडण्याचें कारण केवळ कुतूहल नव्हे. ज्या घटनेस सरकारी दप्तर नाहीं, वृत्तपत्रांची साक्ष जवळजवळ नाहीं, आणि जी जगानें दोन-तीन वर्षें खोटी मानली, ती घटना खासगी टिपणांवरून, एका अगदीं अनपेक्षित नियतकालिकावरून आणि कांचेच्या तुकड्यांवरून कशी सिद्ध होते, हें पाहणें संग्राहकांस विशेष उपयुक्त वाटेल.

प्रथम जमिनीविषयीं. कुरणाचे मालक टॉरेन्स हफमन हे डेटन येथील पेढीचे धनिक गृहस्थ. कुरणाचें क्षेत्र सुमारें ८४ एकर. डेटनहून स्प्रिंगफील्डकडे जाणारी विजेची ट्राम त्याच्या कडेनें जाई व तिचा सिम्स स्टेशन नांवाचा थांबा कुरणाला लागूनच होता. त्यामुळें सायकलींचें दुकान चालविणाऱ्या या दोन भावांना शहरांतून येथें येणें-जाणें अल्प खर्चांत साधे. इ. स. १९०४ च्या आरंभीं त्यांनीं हफमन यांची गांठ घेऊन प्रयोगांसाठीं जागा मागितली. हफमन यांनीं भाडें मुळींच घेतलें नाहीं. अट एकच घातली, कीं यंत्र बाहेर काढण्यापूर्वीं गाई व घोडे कुंपणाबाहेर हांकून लावावे. जगांतील पहिल्या विमानतळाचा करारनामा तो एवढाच! आपल्याकडील इनामांच्या सनदांत चतुःसीमा, झाडझाडोरा, पाणी, पाषाण, निधि-निक्षेप इतका सर्व तपशील वाचण्याची संवय झालेल्या डोळ्यांस ही अट फारच त्रोटक वाटेल. परंतु हफमन यांच्या दृष्टीनें ते दोघे तरुण कांहीं जमीन वापरीत नव्हते. जमिनीवरचें गवत गाईंचेंच राहिलें होतें.

जागा चांगली होती असें मात्र नाहीं. शिकागो येथील स्थापत्यविशारद ऑक्टेव्ह शानूट यांस जून १९०४ मध्यें लिहिलेल्या पत्रांत विल्बरनें तिचें वर्णन केलें आहे. पश्चिमेस व उत्तरेस झाडी, त्यामुळें वारा अडे. भूमि पाणथळ असल्यानें सर्वत्र गवताचे लहान लहान उंचवटे, जणूं बिळें करून राहणाऱ्या प्राण्यांची वसाहतच. कुरणाच्या मध्यभागाकडे एक कांटेरी झाड उभें होतें, त्याची गोष्ट पुढें येईलच. शिवाय एक अडचण डोळ्यांना न दिसणारी होती. किटी हॉक समुद्रसपाटीला, तेथली डिसेंबरची हवा थंड व दाट, आणि वारा ताशीं वीस मैलांच्या वर. येथें जमीन समुद्रसपाटीपासून सुमारें ८०० फूट उंच, उन्हाळ्यांत हवा तापलेली व विरळ, आणि वारा बहुधा पडलेला. पंखांखालीं जोर धरावयास तीच हवा कमी पडे. समुद्रकांठीं उडालेलें यंत्र मायदेशीं जमिनीवरून सुटेना, याचें मर्म यांत आहे. आणि बंधूंना तें समजावयास सबंध एक उन्हाळा लागला.

१९०४ च्या वसंतांत त्यांनीं कुरणाच्या एका कोंपऱ्यांत लाकडी छपरी उभी केली आणि तींत नवें यंत्र जुळविलें. यंत्रास चाकें नव्हतीं. तें दोन लाकडी घसरपट्ट्यांवर बसे. म्हणून उड्डाणासाठीं जमिनीवर एक लाकडी रूळ अंथरावा लागे, आणि त्यावरून एका लहान गाड्यावर यंत्र धांवून सुटे. येथेंच या जागेचा खरा त्रास सुरू झाला. वारा मंद असल्यानें रूळ लांब हवा. रूळ लांब केला कीं तो सरळ पडेल असा सपाट पट्टा उंचवट्यांच्या त्या भूमींत मिळणें कठीण. आणि मोठ्या कष्टानें रूळ घालून होतो न होतो तोंच वाऱ्यानें दिशा बदलावी. मग सर्व फळ्या उचलून पुनः मांडावयाच्या. उड्डाणानंतर जेथें यंत्र उतरेल तेथून तें माणसांनीं ढकलीत रुळाच्या टोंकापर्यंत आणावयाचें. ऑगस्टच्या मध्यापर्यंत किटी हॉकचें ८५२ फुटांचें अंतरसुद्धां त्यांना येथें ओलांडतां आलें नव्हतें.

या प्रारंभींच्या अपयशाचा इतिहासाच्या साधनांवर मोठा परिणाम झाला, म्हणून तो नोंदला पाहिजे. मे १९०४ च्या अखेरीस बंधूंनीं वृत्तपत्रांच्या प्रतिनिधींस मुद्दाम बोलाविलें. छायाचित्रें घेऊं नयेत एवढीच विनंति केली. ता. २३ रोजीं बरीच मंडळी जमली. वारा पडला, एंजिन नीट चालेना, यंत्र रुळावरून धांवत गेलें आणि टोंकास जाऊन थांबलें. कांहीं दिवसांनीं पुनः प्रयत्न झाला तेव्हां तें जेमतेम पंचवीस-तीस फूट उडून खालीं आलें. बातमीदार परत गेले ते पुढें बहुतेक फिरकले नाहींत. बंधूंनीं हें मुद्दाम घडवून आणलें असें कांहीं लेखक सुचवितात. आम्हांस तें पटत नाहीं, कारण त्याच महिन्यांतील त्यांचीं टिपणें पाहतां तीं दोघें खरोखरीच हतबुद्ध झालेलीं दिसतात. पण परिणाम असा झाला कीं, शहरापासून आठ मैलांवर, ट्रामच्या खिडक्यांतून दिसणाऱ्या उघड्या कुरणांत, शेतकऱ्यांच्या डोळ्यांदेखत जें पुढील सोळा महिने चाललें होतें, त्याकडे वृत्तपत्रांनीं पाठ फिरविली.

उपाय सांपडला तो साधा, विहिरीवरील मोटेची आठवण व्हावी असा. रुळाच्या मागील टोंकास सुमारें वीस फूट उंचीचा लाकडी खांबांचा मनोरा उभारला. त्याच्या माथ्यावरील कप्पीवरून दोर सोडून त्यास लोखंडी वजनें टांगलीं. हें वजन पुढें सोळाशें पौंडांपर्यंत वाढविलें. दोराचें दुसरें टोंक रुळाखालून पुढच्या टोंकास नेऊन, तेथील कप्पीवरून परत आणून यंत्राला अडकविलेलें. वजन वर चढवून ठेवावयाचें आणि ऐन वेळीं सोडावयाचें. तें खालीं येतांना यंत्रास पुढें ओढी आणि अवघ्या साठ फुटांच्या रुळावर यंत्र उडण्याइतका वेग घेई. ता. ७ सप्टेंबर १९०४ रोजीं ही युक्ति प्रथम वापरली. आतां वाऱ्याची याचना करण्याचें कारण उरलें नाहीं, व रूळ आंखूड झाल्यानें तो हवा तेथें हलवितां येऊं लागला. अवघ्या तेरा दिवसांनीं, ता. २० सप्टेंबर रोजीं, विल्बरनें कुरणाभोंवतीं पूर्ण फेरी घातली. अंतर चार हजार फुटांच्या वर, वेळ सुमारें दीड मिनिट. यंत्रावर बसून मनुष्यानें हवेंत पुरें केलेलें तें पहिलें वर्तुळ.

आणि त्या दिवशीं तेथें एक लेखक हजर होता. आमोस रूट हे मेडिना गांवचे मधमाशा पाळण्याच्या साहित्याचे व्यापारी, वय पासष्टाच्या आसपास, वृत्तीनें धर्मनिष्ठ व नव्या यंत्रांचे शोकी. राइट बंधूंविषयीं कानावर आल्यावरून आपली मोटार हांकीत सुमारें पावणेदोनशें मैलांवरून ते आले होते. बंधूंच्या संमतीपर्यंत ते गप्प राहिले, आणि ता. १ जानेवारी १९०५ च्या ‘ग्लीनिंग्ज इन बी कल्चर’ या स्वतःच्या नियतकालिकांत त्यांनीं आपण पाहिलेलें सर्व लिहिलें. समोरून येणारें यंत्र पाहणाऱ्यास काय वाटतें हें सांगतांना त्यांनीं आगगाडीच्या एंजिनाची उपमा योजिली आहे. रूळ सोडलेलें, चाकांऐवजीं शुभ्र पंख असलेलें. विमान उडतांना स्वतः पाहून लिहिलेला पहिला सविस्तर छापील वृत्तान्त हा असा मधमाशांच्या मासिकांत आहे! मोठमोठ्या शास्त्रीय नियतकालिकांचे त्या वर्षींचे खंड चाळणाऱ्यास तो कधींहि सांपडला नसता. आपल्या संग्रहांत धान्यभाव, औषधें, पंचांगें असल्या मजकुराचीं जीं जुनीं चोपडीं ‘निरुपयोगी’ म्हणून वेगळीं बांधून ठेवलेलीं असतात, त्यांची येथें आठवण होते.

१९०४ सालीं एकंदर १०५ उड्डाणें झालीं, तरी हवेंत घालविलेला सर्व वेळ मिळून तासाहूनहि कमी भरतो. हे आंकडे आपणांस ठाऊक आहेत ते केवळ दोघां भावांच्या खिशांतील टिपणवह्यांमुळें. तारीख, उड्डाणाचा क्रम, अंतर, वेळ, वारा, काय मोडलें, बस्स. एका ओळींत एक उड्डाण. त्यांत वर्णन नाहीं, आनंद नाहीं, पश्चात्ताप नाहीं. आमच्या मतें यांतच त्यांचें प्रामाण्य आहे: पुढें कोणास दाखविण्यासाठीं लिहिलेलें टिपण इतकें कोरडें नसतें, आणि फसलेल्या प्रयत्नांची गणती इतक्या काळजीनें कोणी ठेवीत नाहीं.

१९०५ सालीं छपरी नवी उभारली, यंत्रहि नवें केलें. ता. १४ जुलै रोजीं ओर्व्हिल पडला, यंत्राचा पुढील भाग चुरडला, पण तो स्वतः वांचला. त्यानंतर पुढचें आडवें सुकाणूं मोठें करून अधिक पुढें बसविलें व ऑगस्टच्या अखेरीस पुनः आरंभ केला. आतां यंत्र आज्ञेंत राहूं लागलें. एक दोष मात्र उरला. आंखूड वळण घेतांना केव्हां केव्हां तें एका अंगावर कलंडे आणि सांवरेना. याचा उलगडा झाला तो कुरणांतील त्या कांटेरी झाडामुळें. ता. २८ सप्टेंबर रोजीं ओर्व्हिल झाडाभोंवतीं वळत असतां यंत्र झाडाकडे घसरूं लागलें. उंच जाऊन वांचण्याची सोय नव्हती. म्हणून खालीं उतरावें या हेतूनें त्यानें तोंड खालीं केलें, आणि त्याबरोबर यंत्र आपोआप सरळ झालें. कारण मागाहून लक्षांत आलें. वळतांना पंखांवर नेहमींच्या वजनाखेरीज वळणाचा भारहि पडतो. वेग पुरेसा नसेल तर आंतला पंख हवेवरची पकड सोडतो. तोंड किंचित् खालीं केलें कीं वेग वाढून पकड परत येते. आजहि प्रत्येक वैमानिकास पहिल्या धड्यांत शिकविली जाणारी ही गोष्ट एका झाडानें शिकविली. झाड तोडण्याची परवानगी बंधूंनीं मागितली असती तर हफमन यांनीं ती दिलीहि असती!

पुढील आठवडा म्हणजे या कुरणाचा सुवर्णकाळ. अकरा मैल, बारा मैल, पंधरा मैल, वीस मैल अशीं अंतरें वाढत गेलीं, आणि ता. ५ ऑक्टोबर १९०५ रोजीं विल्बरनें कुरणाभोंवतीं सुमारें तीस फेऱ्या घालून २४ मैलांहून थोडें अधिक अंतर तोडलें. तो उतरला तो इंधन संपलें म्हणून. या उड्डाणाच्या वेळेविषयीं एक लहानसा पाठभेद आहे. वडील बिशप मिल्टन राइट त्या दुपारीं कुरणांत उभे होते व त्यांच्या रोजनिशींत ३८ मिनिटें आणि वर कांहीं सेकंद असा आंकडा आहे. पुष्कळ ग्रंथांत मात्र ३९ मिनिटें २३ सेकंद आढळतात. घड्याळ यंत्र सुटतांना चालू केलें कीं एंजिन सुरू होतांना, एवढ्यानेंहि असा फरक पडूं शकतो. त्यावरून उड्डाणाविषयीं शंका घेणें म्हणजे एका लढाईच्या दोन तिथी मिळाल्या म्हणून लढाईच नाकारण्यासारखें आहे. शेजारचे शेतकरी, ट्रामचे उतारू, पेढ्यांतील मंडळी अशी गर्दी आतां जमूं लागली आणि स्थानिक पत्रांतहि चार ओळी आल्या. पेटंट अद्याप मिळालें नव्हतें, तें ता. २२ मे १९०६ रोजीं मिळालें. यंत्राची रचना कोणीं पाहून घेईल या भीतीनें बंधूंनीं ऑक्टोबरच्या मध्यांत काम थांबविलें, आणि पुढें मे १९०८ पर्यंत दोघेहि उडाले नाहींत.

या मौनाच्या काळांत संशय वाढला. ता. १३ जानेवारी १९०६ च्या ‘सायंटिफिक अमेरिकन’नें हीं उड्डाणें दंतकथाच आहेत अशा आशयाची टीका केली. तिचा युक्तिवाद असा, कीं इतकी मोठी घटना घडली असती तर अमेरिकेचे जागरूक बातमीदार तिच्यापर्यंत पोंचल्यावांचून राहते ना. वृत्तपत्रांत नाहीं म्हणून घडलें नाहीं, हा तर्क तेव्हां फार सयुक्तिक वाटला. बंधूंनीं उत्तरादाखल कुरणांत उड्डाणें प्रत्यक्ष पाहिलेल्या सतरा जणांचीं नांवें प्रसिद्ध केलीं. त्या नियतकालिकाचें कौतुक करावयाचें तें असें कीं, त्यानें या सतराहि जणांस प्रश्नावली पाठविली. अकरा उत्तरें आलीं, आणि ता. ७ एप्रिल १९०६ च्या अंकांत त्यांचा सारांश देऊन आपलें पूर्वीचें मत बदललें. साक्षीदार कोण? शेतकरी, औषधविक्रेता, पेढीवाले अशी साधीं माणसें. युरोपांतील संशय मात्र ता. ८ ऑगस्ट १९०८ रोजीं फ्रान्समधील ल मान गांवच्या शर्यतीच्या मैदानावर विल्बर उडाला तेव्हांच फिटला.

या प्रसंगीं आपल्या मुंबईची एक गोष्ट साहजिकच मनांत येते. शिवकर बापूजी तळपदे यांनीं १८९५ सालीं चौपाटीवर विमान उडविलें अशी हकीकत महाराष्ट्रांत पुष्कळ वर्षें सांगितली जाते. तळपदे हे खरे व अभ्यासू गृहस्थ. परंतु त्या उड्डाणाचें तारीखवार टिपण, छायाचित्र किंवा पाहणाऱ्याची त्याच वेळची लेखी साक्ष यांपैकीं कांहींहि तिच्या समर्थकांनीं पुढें ठेवलेलें नाहीं. ज्या ‘वैमानिकशास्त्रा’शीं तिचा संबंध जोडला जातो, त्या ग्रंथाची बंगलोर येथील भारतीय विज्ञान संस्थेंतील पांच संशोधकांनीं १९७४ सालीं तपासणी करून असा निर्णय दिला कीं, त्याची रचना १९०४ च्या पूर्वींची ठरत नाहीं व त्यांत वर्णिलेलीं यंत्रें उडण्याजोगीं नाहींत. हफमनच्या कुरणासहि वृत्तपत्रांचा आधार नव्हता, हें खरें. पण तेथें टिपणें होतीं, पत्रें होतीं, साक्षी होत्या, आणि यांपैकीं प्रत्येक साधन दुसऱ्याहून स्वतंत्र होतें. दोन्ही गोष्टी एका पंक्तीस बसविणाऱ्यांनीं हा भेद लक्षांत घ्यावा.

कुरणाचा उत्तरकाल थोडक्यांत. १९१० सालीं बंधूंनीं तेथें उड्डाणशाळा काढली. ती १९१६ पर्यंत चालली व शंभराहून अधिक वैमानिक तयार झाले. पुढें अमेरिकन हवाई दलाचा सेनापति झालेला हेन्री अर्नोल्ड हा त्यांतलाच. ता. २५ मे १९१० रोजीं दोघे भाऊ एकाच यंत्रांत बसून उडाले. आयुष्यांत तसें एकदांच झालें. त्याच दिवशीं एक्याऐंशीं वर्षांच्या वडिलांसहि ओर्व्हिलनें वर नेऊन आणलें. ता. ७ नोव्हेंबर १९१० रोजीं फिलिप पार्मली हा वैमानिक येथून रेशमाचीं गांठोडीं घेऊन कोलंबस शहरीं गेला. विमानानें व्यापारी माल नेण्याचा तो पहिला प्रसंग. अलाहाबादेहून नैनीस विमानानें टपाल गेलें तें यानंतर तीन महिन्यांनीं, ता. १८ फेब्रुवारी १९११ रोजीं. १९१३ च्या महापुरानंतर पूरनिवारणाच्या योजनेंत ही जमीन गेली, १९१७ सालीं लष्करानें ती भोंवतालच्या दोन हजार एकरांसह विमानतळासाठीं घेतली, आणि पुढें ती राइट-पॅटर्सन हवाई तळाच्या हद्दींत आली. लष्करानें मूळ कुरणावर इमारती उभारल्या नाहींत, हें इतिहासाचें भाग्य. १९९० सालीं तें राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून जाहीर झालें.

साधनांचें दैव मात्र इतकें सरळ नव्हतें. बंधूंनीं आपलीं छायाचित्रें कांचेवर घेतलीं होतीं व त्या कांचा डेटन येथील घराजवळच्या छपरींत पेट्यांत ठेवल्या होत्या. मार्च १९१३ च्या पुरांत त्या कित्येक दिवस पाण्याखालीं राहिल्या. कित्येकांवरील थर कडांकडून सुटला, कांहीं डागाळल्या. ओर्व्हिलनें तशाच त्या वाळवून जपल्या. १९४८ च्या जानेवारींत तो वारल्यावर, १९४९ सालीं, त्याच्या व्यवस्थापकांनीं तीनशेंहून अधिक कांचा, टिपणवह्या व पत्रें वॉशिंग्टनच्या ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’च्या स्वाधीन केलीं. ता. ४ ऑक्टोबर १९०५ च्या, त्या वर्षींच्या सेहेचाळिसाव्या उड्डाणाची कांच त्यांत आहे. यंत्र लांब, आकाशांत एका रेघेएवढें दिसतें. खालीं झाडांची काळसर रांग आणि तिच्या अलीकडे हफमनचें गवत.